उघड्या सीमेचा राखणदार

पाऊस उघडला, भातकापणी उरकत आली आणि आंब्याच्या कलमांच्या बुडातले गवत काढायची वेळ झाली, की रत्नागिरीच्या एस.टी. स्टँडवर पाठीला मोठाल्या पिशव्या लावलेली नेपाळी माणसे उतरू लागतात. पुढचे सात-आठ महिने ती बागांमधून राहतात. मोहोरावर फवारणी करायची, वानरांच्या टोळ्या हाकायच्या, रात्री बॅटरी घेऊन फेऱ्या मारायच्या, चैत्र-वैशाखात झेल्याने, म्हणजे जाळी लावलेल्या लांब काठीने, आंबा उतरवायचा, पेट्या भरून गाडीत चढवायच्या आणि मृगाचा पाऊस लागला की घरी जायचे, असा त्यांचा क्रम आहे. जातीने ती मगर असोत, ठकुरी असोत की दलित, कोकणात त्यांना सरसकट गुरखे म्हणतात. माझ्या मामांच्या बागेत असाच एक गृहस्थ अकरा वर्षे येत आहे. पहिली दोन वर्षे मामा त्याला बहादूर म्हणत. ते त्याचे नाव नाही हे कळल्यावरही जीभ वळायला आणखी एक हंगाम गेला. नेपाळच्या सुदूर पश्चिमेतल्या अछाम जिल्ह्यातून तो निघतो, बसने धनगढीला येतो, गौरीफंटा येथे पायी सीमा ओलांडतो, सशस्त्र सीमा बलाचा जवान त्याची पिशवी उघडून पाहतो, आणि पुढे लखनौ, पनवेल करीत चौथ्या-पाचव्या दिवशी तो बागेत पोचतो. त्याच्याजवळ पासपोर्ट नाही, व्हिसाही नाही, आणि या प्रवासाला दोन्हींची गरजही पडत नाही.

माणसांना देशांच्या सीमा मोकळेपणाने ओलांडू द्याव्यात की नाही, हा वाद सध्या अमेरिकेत आणि युरोपात जितक्या कडवटपणे चालतो तितक्याच कडवटपणे आपल्याकडेही चालतो. त्यात सीमा खुल्या कराव्यात असे म्हणणारा स्वप्नाळू ठरतो आणि त्या बंद कराव्यात असे म्हणणारा व्यवहारी. दोन्ही पक्ष एक गोष्ट मात्र एकमताने गृहीत धरतात, ती ही की एका गरीब आणि एका त्याहून बऱ्या स्थितीतल्या देशामधली सीमा खरोखरच उघडी ठेवण्याचा प्रयोग अजून कोणी केलेला नाही. हा प्रयोग आपल्याच देशाने केला आहे, आणि त्याला पाऊणशे वर्षे झाली आहेत. ३१ जुलै १९५० रोजी काठमांडूत भारत-नेपाळ शांतता आणि मैत्री करारावर सह्या झाल्या. त्याच्या सातव्या कलमाने एका देशाच्या नागरिकाला दुसऱ्या देशात राहण्याचे, मालमत्ता बाळगण्याचे, व्यापार करण्याचे आणि फिरण्याचे हक्क परस्परांच्या तत्त्वावर दिले. ईस्ट इंडिया कंपनी आणि नेपाळ यांच्यातल्या १८१६ च्या सुगौली तहाने जी रेषा आखली होती तिच्या दोन्ही बाजूंना रोटीबेटीचा व्यवहार आधीपासून होताच. कराराने त्याला कायद्याची बैठक दिली. यात फार मोठी उदारता होती असे मी म्हणणार नाही. करार झाला तेव्हा नेपाळात राणांची राजवट शेवटच्या घटका मोजत होती, पलीकडे चीनची फौज तिबेटच्या उंबरठ्यावर होती, आणि दिल्लीला उत्तरेकडची बाजू सांभाळायची होती. पण हेतू काहीही असला तरी परिणाम समोर आहे: १,७५१ किलोमीटरची सीमा, उत्तराखंडापासून सिक्कीमपर्यंत पाच राज्यांना लागलेली, आणि तिच्यावर येणाऱ्याजाणाऱ्याला व्हिसा विचारणारे कोणी नाही. २०२५ मध्ये परकीय नागरिकांसंबंधीचे जुने कायदे रद्द करून नवा, अधिक कडक कायदा आला, तेव्हाही नेपाळी आणि भूतानी नागरिकांची पासपोर्ट-व्हिसातून सुटका कायम ठेवावी लागली.

आता भीतीचा हिशेब करून पाहू. भारताचे दरडोई उत्पन्न नेपाळच्या साधारण दुप्पट आहे. दार उघडे असेल तर लोंढा येतो, हा नियम खरा असता तर पाऊणशे वर्षांत निम्मा नेपाळ इकडे वसायला हवा होता. नेपाळची लोकसंख्या आज तीन कोटींच्या आसपास आहे आणि ती नेपाळातच आहे. त्याहून बोलका आकडा नेपाळच्या २०११ च्या जनगणनेचा आहे. त्या वेळी सुमारे १९ लाख नेपाळी परदेशी असल्याची नोंद झाली आणि त्यांतले भारतात असलेले चाळीस टक्क्यांहूनही कमी भरले. हंगामी ये-जा करणारे सगळे या गणतीत आले नसतील हे मान्य केले, तरी मोठा भाग आखाती देशांत आणि मलेशियात गेला होता हे उरतेच. म्हणजे जिथे जायला नुसते बसचे तिकीट लागते ते दार सोडून, जिथे श्रमपरवाना, दलाल, विमानभाडे आणि त्यासाठी सावकाराचे कर्ज लागते अशा दाराशी त्यांनी रांग लावली. माणूस दार उघडे दिसले म्हणून घर सोडत नाही. पलीकडे काय मिळते आणि मागे काय ठेवावे लागते हे पाहून तो ठरवतो. भारतात मजुरी कमी मिळते, म्हणून ज्यांना आखाताचे कर्ज उभे करता येत नाही असे अछाम, बाजुरा, बझांगचे लोक इकडे येतात, आणि सीमा उघडी असल्यामुळेच परतही जातात.

हा परत जाण्याचा भाग वादात नेहमी निसटतो. मामांच्या बागेतला माणूस दरवर्षी जूनमध्ये गावी जातो, कारण ऑक्टोबरात पुन्हा येता येईल याची त्याला खात्री आहे. ती खात्री काढून घेतली तर काय होते हे पाहायचे असेल, तर मेक्सिको आणि अमेरिकेचा इतिहास पाहावा. १९४२ पासून १९६४ पर्यंत ‘ब्रासेरो’ योजनेखाली मेक्सिकोचे मजूर हंगामापुरते कॅलिफोर्नियाच्या आणि टेक्ससच्या शेतांवर येत आणि घरी जात. योजना बंद झाली. मजूर आणि शेते दोन्ही तिथेच राहिली, फक्त ये-जा बेकायदा झाली. १९९० नंतरच्या दशकात सॅन दिएगो आणि एल पासो येथे सीमेवर पहारा आवळला गेला, वाट वाळवंटातून जाऊ लागली, तस्करांचे दर वाढले. आणि एवढे पैसे, एवढा जीवघेणा धोका पत्करून जो एकदा आत पोचला त्याने परत जाणेच सोडले. बायकामुलांनाच तिकडे बोलावून घेतले. डग्लस मॅसी या समाजशास्त्रज्ञाने हे अनेक वर्षांच्या पाहणीतून दाखवले आहे. १९९० मध्ये अमेरिकेत कागदपत्रांविना राहणारे सुमारे ३५ लाख होते. पहारा वाढत असतानाच २००७ पर्यंत ते १ कोटी २२ लाखांवर गेले. कुंपणाने येणारे थोडे अडले असतील, पण जाणारे पुष्कळच अडले.

माझ्या म्हणण्याला ब्रिटनचे उदाहरण आडवे येते, आणि ते टाळून पुढे जाणे बरे नाही. २००४ मध्ये पूर्व युरोपातले देश युरोपीय संघात आले तेव्हा ब्रिटनने त्यांच्या नागरिकांना पहिल्या दिवसापासून कामाची मुभा दिली. वर्षाला ५ ते १३ हजार लोक वाढतील, असा सरकारने करवून घेतलेल्या अभ्यासाचा अंदाज होता. २०११ च्या जनगणनेत इंग्लंड आणि वेल्समध्ये एकट्या पोलंडमध्ये जन्मलेले ५ लाख ७९ हजार लोक निघाले. अंदाज चुकला, सपशेल चुकला, आणि १२ वर्षांनी ब्रिटनने संघ सोडण्याचा कौल दिला त्यात या चुकीचा वाटा मोठा होता. दार उघडे असले तरी फारसे कोणी येत नाही, असे म्हणणाऱ्याने हे लक्षात ठेवायला हवे. मात्र दोन गोष्टी त्याच्या जोडीने सांगायला हव्यात. पहिली ही की त्या वर्षी ब्रिटन, आयर्लंड आणि स्वीडन सोडून बाकीच्यांनी दार लावूनच घेतले होते. जर्मनीने तर ते २०११ पर्यंत पूर्ण उघडले नाही. साऱ्या वाडीत एकाच विहिरीला पाणी असेल तर तिथे गर्दी होणारच. दुसरी गोष्ट अशी की संघ सोडून मुक्त संचार संपवल्यावर, जून २०२३ ला संपलेल्या वर्षात, ब्रिटनमध्ये येणाऱ्या आणि जाणाऱ्या लोकांमधली तफावत ९ लाखांवर गेली. बाहेर पडण्यापूर्वी ती कधीही त्याच्या निम्मीसुद्धा नव्हती. वृद्धांची शुश्रूषा करायला, इस्पितळे चालवायला, विद्यापीठांची तिजोरी भरायला माणसे हवीच होती. ती पोलंडऐवजी भारतातून आणि नायजेरियातून आली.

इथपर्यंत मी उघड्या सीमेची बाजू घेत आलो. पण बागेतल्या माणसाकडे जरा जवळून पाहिले की या बाजूचाही पोकळपणा दिसू लागतो.

तीन वर्षांपूर्वी एप्रिलमध्ये तो कलमावरून पडला. खांद्याचे हाड मोडले. शहरातल्या एका इस्पितळात नेले, तिथे सरकारी योजनेतून उपचार होतील म्हणून आम्ही निश्चिंत होतो. खिडकीवर रेशनकार्ड मागितले आणि विषय संपला. खर्च मामांनी केला. पुढे हंगामाचा हिशेब करताना त्यातली निम्मी रक्कम त्यांनी त्याच्या पगारातून वळती केली, आणि तो काही बोलला नाही. मामा दुष्ट नाहीत; त्याच्या मुलीच्या लग्नाला त्यांनी न मागता पैसे दिले होते. पण देणे आणि कापणे दोन्ही त्यांच्या मर्जीवर होते, आणि मला टोचते ते हेच. १९७९ चा स्थलांतरित मजुरांचा कायदा असो की त्याची जागा घेणारी २०२० ची संहिता, दोन्हींनी जो मजूर डोळ्यांसमोर ठेवला तो भारताच्या एका राज्यातून दुसऱ्या राज्यात गेलेला आहे. सीमेपलीकडून कायदेशीरपणे चालत आलेला, आठ महिने राबणारा माणूस त्यात कुठेच बसत नाही. मिरकरवाड्याच्या नि हर्णैच्या नौकांवर जे नेपाळी खलाशी जातात त्यांची गत तीच. तांडेल, म्हणजे नौकेचा प्रमुख, चांगला भेटला तर सगळे चांगले.

पैशाची कथा तर याहून विचित्र आहे. माणसाला सीमा उघडी, पण त्याने कमावलेल्या नोटेला ती वर्षानुवर्षे उघडी नव्हती. २०१६ च्या नोटाबंदीत नेपाळातल्या घराघरांत डब्यांतून ठेवलेल्या पाचशे-हजाराच्या भारतीय नोटांचे काय करायचे, हा प्रश्न दोन सरकारांमध्ये वर्षानुवर्षे लोंबकळत राहिला. पोळलेल्या नेपाळने डिसेंबर २०१८ मध्ये शंभराहून मोठ्या भारतीय नोटांवर बंदी घातली. त्यानंतर आमचा माणूस हंगाम संपताना सगळा पगार शंभराच्या नोटांत मागू लागला. मामा बँकेत जाऊन पुडकी आणत, ती तो कमरेच्या पट्ट्यात आणि पिठाच्या पिशवीत वाटून ठेवी, आणि चार दिवसांचा प्रवास झोप न घेता करी. आणि मार्च २०२० मध्ये टाळेबंदी आली तेव्हा करार, कलमे आणि रोटीबेटी सगळे बाजूला राहिले. सीमा एका रात्रीत मिटली, हजारो नेपाळी भारताच्या बाजूला उघड्यावर अडकले आणि दार्चुल्याजवळ काही जणांनी महाकाली नदी पोहून स्वतःचा देश गाठला. गाठल्यावर त्यांना अटक झाली. १९४८ च्या मानवी हक्कांच्या जाहीरनाम्याचे तेरावे कलम प्रत्येकाला कोणताही देश सोडण्याचा आणि स्वदेशी परतण्याचा हक्क देते. दुसऱ्या देशात शिरण्याचा हक्क ते देत नाही, हे सगळे जाणतात. इथे तर परतण्याचाही हक्क नदीच्या मधोमध अडकला.

उघड्या सीमेवरून चांगलेच लोक येतात असाही माझा दावा नाही. मुंबईतल्या कुंटणखान्यांमध्ये नेपाळी मुली किती सहजपणे आणल्या जात, हे १९९६ च्या धाडींत साऱ्या देशाने पाहिले. सुटलेल्या मुलींना परत घ्यायला नेपाळ सरकार महिनोन्महिने टाळाटाळ करीत राहिले आणि अखेर स्वयंसेवी संस्थांनी त्यांना नेले. डिसेंबर १९९९ मध्ये काठमांडूहून निघालेले भारतीय विमान पळवले गेले. त्यानंतर विमानप्रवासाला ओळखपत्र आले आणि २००१ मध्ये या सीमेवर सशस्त्र सीमा बल तैनात झाले. हे पहारे योग्यच आहेत. पण त्या मुलींच्या बाबतीत मला वाटते ते असे, की त्यांना वाचवायला सीमेवरच्या भिंतीपेक्षा मुंबईतल्या पोलीस ठाण्याचा अधिक उपयोग झाला असता. दार उघडे होते हा त्यांचा घात नव्हता. दाराच्या आत त्यांची कुठे नोंद नव्हती, त्या हरवल्या आहेत हे कोणाच्या दप्तरी नव्हते, तिथे घात झाला.

नोंद नसण्याचा भुर्दंड परक्यांनाच बसतो असेही नाही. १९८६-८७ मध्ये मेघालयातून हजारो नेपाळीभाषकांना हुसकावले गेले, त्यांत पिढ्यान्‌पिढ्या भारतात राहिलेले नागरिकही होते. त्याच सुमारास दार्जिलिंगमध्ये गोरखालँड आंदोलनाचे नेते सुभाष घिसिंग यांनी १९५० च्या कराराचे सातवे कलमच रद्द करा अशी मागणी केली, तिच्यामागे हेच दुखणे होते: करारामुळे प्रत्येक भारतीय गोरखा नेपाळचा समजला जातो. आज हीच गोष्ट बंगालीभाषकांच्या वाट्याला आली आहे. २०२५ च्या जूनमध्ये मुंबई परिसरातून बांगलादेशी म्हणून पकडलेल्या काही मजुरांना सीमेपलीकडे ढकलण्यात आले. ते पश्चिम बंगालचे भारतीय नागरिक निघाले आणि त्यांना परत आणावे लागले. त्या सीमेची लांबी ४,०९६ किलोमीटर आहे आणि तिच्या बहुतेक भागावर काटेरी कुंपण आहे. एकाच देशाच्या दोन सीमा, एक उघडी, दुसरी कुंपण घातलेली. पहिलीवरून येणाऱ्याला आपण घराची किल्ली आणि बागेची राखण सोपवतो, दुसरीवरून येणाऱ्याला घुसखोर म्हणतो. दोघेही येतात ते पोटासाठीच. बांगलादेशाची लोकसंख्या नेपाळच्या सहापट असल्यामुळे ते दार उद्याच सताड उघडा असे मी म्हणत नाही. पण तिथूनही हंगामी कामाचा कायदेशीर परवाना मिळू लागला, तर चोरवाटेने येऊन कायमचे लपून राहण्याचे कारण पुष्कळांपुरते तरी संपेल, असे मेक्सिकोच्या अनुभवावरून मला वाटते.

स्थानिकांच्या रोजगाराचा मुद्दा मी मुद्दाम शेवटी ठेवला आहे, कारण कोकणात खरा वाद तिथेच पेटतो. नेपाळी आले म्हणून मजुरी पडली असे गावातला तरुण म्हणतो, आणि आमची पोरे कामाला येत नाहीत म्हणून नेपाळी आणावे लागतात असे बागायतदार म्हणतो. कोकणची पोरे शतकभर मुंबईला चाकरमानी म्हणून जात आली. गिरण्यांतून त्यांच्या मनीऑर्डरी आल्या म्हणून इथल्या चुली पेटल्या. बाहेरून आलेल्या मजुराविरुद्ध तत्त्वाने बोलायला आम्हाला तोंड नाही. पण तरुणाची तक्रार खोटी आहे असेही मला म्हणवत नाही. मामांच्या हिशेबाची वही मी पाहिली आहे. दिवसाच्या कामाचा दर काढला तर नेपाळी आणि गावच्या गड्यात फारसा फरक नाही. पण नेपाळी माणूस रात्रीही बागेतच असतो, पत्र्याच्या खोपीत, रविवार नाही, सण नाही, आणि त्या सोळा तासांचा पगार वहीत कुठेच नाही. गावचा गडी संध्याकाळी घरी जातो, कारण त्याला घर जवळ आहे. बागायतदाराला स्वस्त मिळते ती मजुरी नसून घरापासून तुटलेल्या माणसाचे चोवीस तासांचे असणे आहे. ते असणे मोजले गेले, रात्रीच्या राखणीला वेगळा दर लागला, तर गावच्या तरुणाची स्पर्धा बरोबरीची होईल. सीमा बंद करून हे होणार नाही. उलट चोरून आलेला माणूस सोळाच्या जागी अठरा तास फुकट देईल आणि तोंड उघडणार नाही.

नेपाळच्या बाजूनेही हा करार जसाच्या तसा पाळला गेलेला नाही, हे सांगितले पाहिजे. भारतीयाला तिथे जमीन घेता येत नाही, १९८३ मध्येच नेपाळी भूगोलतज्ज्ञ हर्क गुरुङ यांच्या स्थलांतरावरच्या अहवालाने भारतातून येणाऱ्यांवर नियंत्रण आणण्याची शिफारस केली होती, आणि लहान देशाला मोठ्या शेजाऱ्याची वाटणारी धास्ती समजण्यासारखी आहे. एक वर्षाची नोटीस देऊन हा करार कोणालाही मोडता येतो. काठमांडूत प्रत्येक निवडणुकीला त्याची भाषा होते, दिल्लीतही अधूनमधून होते, आणि पाऊणशे वर्षांत ती नोटीस कोणीच दिलेली नाही.

मला त्या करारात भर घालायची आहे ती थोडीच. सीमेवर, जिथे आज पिशवी तपासली जाते तिथेच, हंगामी कामगाराला एक कार्ड मिळावे. ते असले की इस्पितळाच्या खिडकीवर रेशनकार्ड लागू नये, पगार बँकेतून त्याच्या गावच्या खात्यात थेट जावा, आणि अपघात झाला तर मामांच्या स्वभावावर अवलंबून राहावे लागू नये. हे अशक्य नाही, कारण नोंद आजही होतेच. दर ऑक्टोबरात पोलीस ठाण्यातून निरोप येतो की बागेत ठेवलेल्या गुरख्यांची माहिती फोटोसह द्यावी. मामा एक कागद भरून देतात. त्यावर नाव असते, बापाचे नाव, गाव, जिल्हा, अंगावरची खूण. पगार किती ठरला याचा रकाना नाही, आणि काही बरेवाईट झाले तर अछामात कोणाला कळवायचे याचाही नाही. गेल्या हंगामात मी तो कागद भरायला बसलो होतो. खालच्या कोऱ्या जागेत त्याने स्वतःहून बायकोचा फोन नंबर लिहायला सांगितला, आणि मी तो लिहिला. ठाण्यातल्या हवालदाराने कागद उलटसुलट करून पाहिला, हे काय म्हणून विचारले, आणि फाइलला लावून टाकला.